चंदीगडची लाल-करडी खोली

अंबाला सोडलं की पाऊण-एक तासात चंदीगड येतं, असं ऐकून होते. पण जानेवारीतलं धुकं वेळापत्रक मानत नाही. आमची गाडी तीन तास उशिरा पोचली. फलाटावर भावोजी मफलर गुंडाळून उभे होते. स्टेशनबाहेर पडलो तर रस्ता करडा, आभाळ करडं, झाडंही करडी. "हेच का ते देखणं शहर?" मी विचारलं. भावोजी हसून म्हणाले, "अकरा वाजेपर्यंत थांबा. ऊन आलं की विटा दिसायला लागतील."

मी काही केवळ शहर पाहायला गेले नव्हते. माझ्या आतेबहिणीचा, ताईचा, पंधरा दिवसांपूर्वी फोन आला होता. "तू साप्ताहिकात घरांवर लिहितेस ना? मग ये, आणि आईच्या खोलीचं काय करायचं ते सांग. मी तर करून चुकले."

आत्या वाईहून लेकीकडे येऊन चार महिने झाले होते. काका गेले, वाड्यातल्या दोन खोल्यांत ती एकटी उरली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याने फारसं दिसत नाही. एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. ताईने सेक्टर २२ मधल्या तिच्या जुन्या भाड्याच्या घरातली मागची खोली आईसाठी मोकळी केली आणि मोठ्या हौसेने सजवली.

खोली दहा फूट बाय नऊ फूट. मागच्या अंगणाकडे उघडणारी एकच खिडकी, तीही उत्तरेची. ताईने कुठलंसं छायाचित्र पाहून ठरवलं होतं : लाल आणि करडा. पलंगासमोरची अख्खी भिंत लालभडक, उरलेल्या तिन्ही गडद करड्या. पडदे करडे, चादर करडी, खाली मोझेकची फरशी, तीही करडीच. छायाचित्रात ते झकास दिसत असेल. इथे मात्र दारातून आत पाऊल टाकलं आणि मला भिंती अंगावर आल्यासारखं वाटलं.

"भट्टीसमोर झोपवलंय गं मला," आत्या हळूच म्हणाली. लेकीचं मन दुखू नये म्हणून आवाज बारीक केला होता.

एवढ्यावरच भागलं असतं तर बोलायचं कारण नव्हतं. पण डिसेंबरमध्ये एका पहाटे आत्या उठली. करडी चादर कुठे संपते आणि करडी फरशी कुठे सुरू होते, हे तिला कळलंच नाही. पलंगाची कड समजून ती हवेतच बसली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून तिचा एकच धोशा होता : "मला वाईला नेऊन सोडा." तिची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली भरलेलीच होती. चार महिन्यांत तिने ती रिकामी केली नव्हती.

"सगळं पांढरं करून टाकूया," ताई म्हणाली. पण पडदे, कपाट, पलंग सगळ्यावर खर्च झालेला. पुन्हा सारं नव्याने करण्याची ऐपत नव्हती. मी म्हटलं, "दोन दिवस दे. आधी तुझं गाव बघू."

विटांचं शहर

भावोजींचं म्हणणं खरं ठरलं. अकराच्या सुमारास धुकं उठलं आणि सेक्टर २२ च्या गल्ल्यांतून विटांचा तो तांबूस, भाजका रंग उजळला. घरांच्या भिंती विटांच्या, कुंपणं विटांची, खिडक्यांपुढे विटांच्याच जाळ्या. त्यांच्या मधूनमधून सिमेंटच्या आडव्या पट्ट्या, छज्जे आणि चौकटी. म्हणजे ताईच्या खोलीतले तेच दोन रंग! पण इथे ते डोळ्यांना खुपत नव्हते.

हे शहर उभं राहिलं तेच मुळी घर गमावण्यातून. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नवी राजधानी वसवायचं ठरलं. पहिला आराखडा अमेरिकेतल्या आल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले. मग हे काम फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. त्यांच्या जोडीला चुलतभाऊ पिएर जानरे, तसेच मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य होतं. भारतीय वास्तुशिल्पींचा मोठा चमूही होता आणि त्यात प्रभावळकर आणि देठे ही नावं आहेत, हे वाचून मराठी माणसाला बरं वाटतं.

सरकारी नोकरांसाठी घरांचे आधी तेरा प्रकार ठरले. मुख्यमंत्र्यांपासून थेट शिपायापर्यंत. गंमत अशी, की सगळ्यात धाकट्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, व्हरांडा आणि अंगण द्यायचंच, असा आग्रह होता. पैसे बेताचे, सिमेंट आणि लोखंड दुर्मिळ. वीट मात्र इथल्याच मातीची, जवळपासच्या भट्ट्यांत भाजलेली. म्हणून गरिबाचं घर विटांचं झालं, आणि साहेबाचंही.

मग झोपायच्या खोल्या एवढ्याशा का? याचं उत्तर अंगणात मिळालं. इथला उन्हाळा चाळिशीच्या पार जातो. पंखे-कूलर घरोघरी येण्याआधी माणसं खाटा टाकून अंगणात नाहीतर गच्चीवर झोपत. जेन ड्रू आणि फ्राय यांनी घरं आखताना ही सवय ध्यानात घेतली होती. खोली हवी होती ती थंडीपुरती आणि सामानापुरती. आज अंगणातली झोप गेली, खोली मात्र तेवढीच राहिली. लहान खोलीचा राग करण्याआधी ती कशासाठी बांधली होती हे कळलं, की निम्मा राग उतरतो.

करड्याचं काम, लालाचं काम

दुसऱ्या दिवशी आम्ही सेक्टर १ मधला कॅपिटॉल परिसर पाहायला गेलो. उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय अशा तीन इमारतींचा हा परिसर २०१६ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. ओळखपत्र दाखवून, वाटाड्याच्या सोबतीने तो पाहता येतो.

मराठीत 'करडा' म्हटलं की आपल्याला करडी नजर आणि करडी शिस्त आठवते. इथल्या काँक्रीटकडे लांबून पाहताना तसंच वाटतं. पण जवळ गेल्यावर त्यावर साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे दिसतात, शिरा दिसतात. सकाळी ते निळसर भासतं, दुपारी पांढुरकं, उतरत्या उन्हात चक्क गुलाबी. करड्या रंगाचा हाच गुण आहे. तो स्वतः फार बोलत नाही, बाकीच्यांना बोलू देतो.

उच्च न्यायालयाची इमारत १९५५ सालची. तिच्या दर्शनी भागात तीन प्रचंड खांब आहेत. एक हिरवा, एक पिवळा, एक लाल. एवढ्या अवाढव्य करड्या इमारतीत रंग दिला तो तीन खांबांना, आणि तोही जिथून माणसाने आत शिरायचं तिथे. लाल रंग इथे नुसता शोभेला नाही. 'इकडून या' असं सांगायला उभा आहे.

आतल्या न्यायदालनांसाठी कॉर्बुझिए यांनी लोकरीचे नऊ भव्य पट काढले आणि ते काश्मीरच्या विणकरांनी विणले. सगळ्यात मोठा १४४ चौरस मीटरचा, बाकीचे आठ ६४ चौरस मीटरचे. त्यांच्यात रंग भरपूर आहेत, पण त्यांनाही एक नेमून दिलेलं काम आहे. उघड्या काँक्रीटच्या दालनात आवाज घुमतो, तो लोकर शोषून घेते.

परतताना मी ताईला म्हटलं, "चूक रंगांची नव्हती. तू करड्याला आणि लालाला सारखाच पगार दिलास, आणि लालाला काम काहीच दिलं नाहीस."

बारा फुटांची खोपटी

संध्याकाळी सेक्टर १९ मधलं ल कॉर्बुझिए केंद्र पाहिलं. शहर आखणाऱ्या मंडळींचं हे जुनं कार्यालय. तिथून निघताना मला त्यांच्या आणखी एका घराची आठवण झाली.

चंदीगडचे नकाशे काढले जात होते त्याच सुमारास, म्हणजे १९५१-५२ मध्ये, कॉर्बुझिए यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी लाकडी खोपटी बांधली. आकार ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे बरोबर बारा फूट बाय बारा फूट. उंची २.२६ मीटर. हात वर केलेल्या माणसाचं बोट जिथे पोचेल तेवढी. राजधानी वसवणारा माणूस सुट्टीत राहायचा तो आत्याच्या खोलीहून जेमतेम थोड्या मोठ्या जागेत. तिथलं टेबल, बिछाना, फडताळ सगळं शरीराच्या मापाने, हाताच्या अंतरावर बसवलेलं.

एका स्विस कंपनीसाठी त्यांनी भिंतीच्या कागदांचे रंगही निवडून दिले होते. १९३१ मध्ये ४३ आणि १९५९ मध्ये आणखी २०. जगातले हजारो रंग सोडून मोजके निवडायचे आणि कोणता रंग भिंतीला पुढे आणतो, कोणता मागे नेतो, हे पाहून लावायचे, ही त्यामागची दृष्टी. लाल भिंत पुढे येते, फिका करडा मागे सरकतो. नऊ फुटांच्या खोलीत लाल भिंत पुढे आली, तर माणसाने मागे कुठे सरकायचं?

रात्री आत्याच्या खोलीत मी दिवे मालवून बसले आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मिणमिणत्या उजेडात लाल रंग आधी काळवंडतो. दिवसा ठसठशीत दिसणारा लाल रात्री काळा होऊन बसतो. हा आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांचा धर्म आहे. शिवाय वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि जवळजवळच्या फिक्या छटांमधला फरक कमी कळतो. करड्यावर करडं म्हणजे आत्यासाठी काहीच नाही. तिला हवी होती ती स्पष्ट कड.

आम्ही काय केलं

वाचकांनाही उपयोग होईल म्हणून क्रमाने सांगते.

आधी करडा बदलला. दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर तीन छटा लावल्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात चारही भिंतींना लावून पाहिला. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड असतो. त्यात निळसर करडा आणखी गारठतो. म्हणून किंचित पिवळट झाक असलेला, अगदी फिका करडा निवडला. शेणाने सारवून वाळलेल्या अंगणाची आठवण व्हावी असा. छत पांढरं केलं.

लाल भिंतीवर थेट फिका रंग चढत नाही, खालचा लाल गुलाबी होऊन डोकावतो. त्यामुळे आधी प्रायमरचे दोन हात दिले. हे दोन दिवस आत्या बाहेरच्या खोलीत झोपली. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय वयस्कर माणसाला त्या खोलीत निजवू नये.

मग लालाला कामं वाटून दिली. लालही भडक नको, विटेचा, गेरूचा. न्हाणीघराकडे जाणाऱ्या दाराची फक्त चौकट तैलरंगाने रंगवली. दिव्याच्या बटणांभोवती बोटभर रुंदीची लाल पट्टी ओढली. पाण्याचा तांब्या लाल तबकात ठेवला. चादर बदलून पांढरट केली आणि पलंगाच्या ज्या बाजूने आत्या उठते, तिथे लाल खेस दुमडून गादीखाली घट्ट खोचला. खेस म्हणजे पंजाबातलं जाडं सुती विणकाम. आपल्या सोलापुरी चादरीचं भावंडच म्हणा. सेक्टर २२ च्याच शास्त्री मार्केटमधून ताई घेऊन आली.

जमिनीवर लाल सतरंजी टाकायचा मोह झाला होता, तो आवरला. सैल सतरंजी म्हणजे म्हाताऱ्या पायांना सापळाच. त्याऐवजी पलंगाखाली, गुडघ्याच्याही खाली येईल असा छोटा पिवळसर दिवा लावला. तो रात्रभर जळतो. त्या उजेडात खेसाची लाल कड काळपट दिसली तरी हरकत नाही, कारण मागची चादर पांढरट आहे. फरक दिसला म्हणजे झालं.

करडे पडदे तेच ठेवले, पण खिडकीच्या चौकटीबाहेर सरकतील असे लांब दांडीवर टाकले. त्याने दिवसा अख्खी खिडकी मोकळी होते आणि खोली दोन फुटांनी वाढल्यासारखी वाटते. कपाट दाराआड सरकवलं. भिंतीवर काही टांगलं नाही.

सगळं मिळून लाल किती? शंभरात दहा भागही नसेल. लहान खोलीत एवढा लाल पुष्कळ होतो. नवीन खर्च झाला तो रंगाचा, खेसाचा आणि एका दिव्याचा.

शेजारच्या बीजी

रंग वाळत होता तेव्हा आत्या अंगणात उन्हाला बसायची. शेजारच्या सरदारजींच्या आई कुंपणाच्या जाळीतून तिला पाहायच्या. त्यांना सगळे 'बीजी' म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःची खुर्ची घेऊनच आल्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास. फाळणीच्या वेळी पाच-सहा वर्षांच्या असताना रावळपिंडीकडून आईचं बोट धरून आलेल्या. आत्याला पंजाबी येत नाही, बीजींना मराठी कुठून येणार? दोघींचं हिंदी यथातथाच. तरी दोन तास गप्पा चालल्या.

बीजींनी आत येऊन खोली पाहिली. मग घरी जाऊन एक घडी घेऊन आल्या. लाल खादीवर सोनेरी पटाच्या धाग्याची फुलकारी. ती कापडाच्या उलट बाजूने धागे मोजून भरतात. सुलट बाजूला फुलं आपोआप उमलत जातात. पंजाबात नातीच्या लग्नासाठी आजी असं भरतकाम करून ठेवत असे. "मेरी नानी की है," बीजी म्हणाल्या. आलो तेव्हा आईने अंगावर गुंडाळली होती, एवढंच काय ते आलं, असंही त्यांनी सांगितलं. दाखवून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा नीट घडी घालून छातीशी धरली.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग तिने मला पलंगाखालची ट्रंक ओढायला सांगितली. वरची लुगडी बाजूला करून तिने तळातली गोधडी काढली. तिच्या सासूच्या जुन्या लुगड्यांची, करड्या-काळ्या तुकड्यांची, आणि चारही बाजूंनी विटकरी लाल पट्टी लावलेली. "कडेला लाल लावायची सासूबाईंची पद्धत," ती म्हणाली. "अंधारात पांघरूण उलटं-सुलटं होऊ नये म्हणून."

ताई माझ्याकडे पाहत राहिली. एवढे रंगांचे पुठ्ठे आम्ही नाचवले, आणि युक्ती ट्रंकेत होतीच.

बीजींनी गोधडीचे टाके बोटांनी चाचपून पाहिले. "बड़ी महीन," म्हणाल्या. आत्याचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदाच खुलला. ती म्हणाली, "आमच्या वाड्याला खाली काळा दगड नि वर वीट. इथे विटा तर तशाच दिसतात गं. दगड तेवढा सिमेंटचा."

निघताना

शेवटच्या दिवशी आम्ही सेक्टर ५ मधलं ५७ नंबरचं घर पाहिलं. पिएर जानरे यांचं. कॉर्बुझिए वर्षातून एक-दोनदा येऊन जात, जानरे मात्र १९५१ पासून १९६५ पर्यंत इथेच राहिले. कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या ज्या साध्या खुर्च्या त्यांच्या हाताखाली घडल्या, त्या आज परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जातात. २०१७ पासून या घरात संग्रहालय आहे. १९६७ साली जिनिव्हात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा इथे आणून सुखना तलावात सोडली गेली. परका माणूस एखाद्या गावाचा असाही होतो.

तुम्ही चंदीगडला गेलात, तर ऑक्टोबर ते मार्च हे महिने चांगले. डिसेंबर-जानेवारीत मात्र धुक्यासाठी हाताशी एक जादा दिवस ठेवा. रॉक गार्डन आणि सुखना तलाव सगळेच पाहतात. तुम्ही सेक्टर २२ च्या गल्ल्यांतूनही जरूर फिरा.

मी परत आले त्याला आता दोन महिने होतील. परवा ताईचा फोन आला होता. आत्या आता रात्री एकटी उठते, न्हाणीघराच्या लाल चौकटीपर्यंत भिंतीला हात न लावता जाते. गोधडी पलंगावर आहे. ट्रंक अजून पलंगाखालीच आहे, लुगडीही तिच्यातच आहेत. त्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही.

"वाईचं काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, उन्हाळ्यात वाईला जाऊन येऊ," ताई म्हणाली. क्षणभर थांबून तिने पुन्हा सांगितलं, "'नेऊन सोडा' नाही हं. 'जाऊन येऊ' म्हणाली."